मिठाच्या कोठारातलं कोर्ट

नाना आजगावकरांबद्दल लिहा, असं बायको मला कितीतरी वर्षं सांगते आहे. मी दर वेळी दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितो. आता लिहिण्यासारखी दुसरी माणसंही संपली. नानांना आणखी टाळता येणार नाही.

नाना कुणाच्या दाराची बेल वाजवत नसत. कडीही नाही. जिन्यात ताठ उभे राहून पूर्ण नावानं पुकारा करत. माझ्या दाराशी "सदाशिव गोविंद करंदीकर, हाजीर होऽऽ!" असा तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही दार उघडलं नाही, तर "पक्षकार गैरहजर" असं स्वतःशीच म्हणत खाली उतरत. मग तुम्ही लुंगी सावरत मागे धावलात तरी उपयोग नसे. "आता पुढची तारीख," म्हणत.

कोकणातल्या एका लहान गावच्या कोर्टात ते जन्मभर बेलिफ होते; समन्सही तेच बजावत आणि पुकाराही तेच करत. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि मुलानं त्यांना मुलुंडला आमच्या सोसायटीत आणलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. सामान एक ट्रंक आणि एक वळकटी. कोर्ट मात्र सगळंच्या सगळं बरोबर आणलेलं. पाण्याचा टँकर आला नाही की "टँकर गैरहजर". मासेवालीसमोर बसून सुरमईची उलटतपासणी अशी घेत, की ती म्हणायची, "आजोबा, घ्या नायतर सोडा, ती काय आता बोलणार हाय का?"

आणि त्या कोर्टाचा इतिहास. "मुद्द्याला धरून सांगतो" म्हणून सुरू करत आणि मुद्दा म्हणजे मीठ. कारण ती इमारत मूळची मिठाचं कोठार. मीठ गेलं, कोर्ट आलं, पण भिंतींत मुरलेलं मीठ काही गेलं नाही. पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटे आणि गावातली गुरं बाहेरून त्या चाटायला येत. आत दिवाणी दावा, बाहेर जिभांचा खरखराट. एकदा एक गाय खिडकीतून डोकं घालून उभी राहिली ती थेट निकाल ऐकूनच गेली. मुन्सफसाहेबांनी तिला हाकलू दिलं नाही, म्हणाले, खुलं न्यायालय आहे.

पहिल्यांदा ऐकताना आम्ही पोट धरून हसलो. पण नाना ते गच्चीवर सांगत, रेशनच्या रांगेत सांगत, बारशाला सांगत. गाय आली की आम्हाला काहीतरी काम आठवे. गायीच्या पुढे आम्ही त्यांना कधी जाऊच दिलं नाही. मी एकदा म्हटलं, "नाना, आज गायीनंतरचं सांगा." तर मान हलवून म्हणाले, "तसा चलना नाय. आधी फिर्याद, मग पुरावा, मग निकाल." आणि पुन्हा मिठापासून सुरुवात.

एका वर्षी मी गणपती उत्सव कमिटीचा सेक्रेटरी होतो. कार्यक्रमात अभिरूप न्यायालय ठेवायची कल्पना माझी. सोसायटीतल्या एखाद्याला गमतीनं आरोपी करायचं, खोटा खटला चालवायचा, खोटी शिक्षा द्यायची. आरोपी म्हणून नानांचं नाव सुचवलं तेही मीच. आरोप असा, की त्यांनी एकाच कोर्टाचा इतिहास वारंवार सांगून रहिवाशांचा छळ केला. न्यायाधीश मी. कापसाचा टोप, भाड्याचा काळा झगा आणि हातोडी म्हणून बायकोची ताकाची रवी.

पिंजरा म्हणून मांडवात कपडे वाळत घालायचे दोन घोडे उभे केले होते. नाना आत शिरताना चपला बाहेर काढून आले. सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावली. जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारलेला माणूस, त्या दिवशी त्यांचं नाव कुणीतरी पुकारलं. साक्षीदारांनी धमाल केली. एकजण तर गाय होऊन आला. मी विचारलं, "आरोपीला काही सांगायचंय?"

"साहेब, माका एकदा शेवटापर्यंत सांगाक देवा."

मांडव हसून लोटपोट झाला. मी रवी आपटली आणि शिक्षा सुनावली: आरोपीनं यापुढे सोसायटीच्या हद्दीत त्या कोर्टाचं नाव काढू नये. टाळ्या. नानांनी वाकून "हुकूम" म्हटलं. वाटलं, काय झकास वठवलं म्हाताऱ्यानं.

ते वठवत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मीठ बंद, गाय बंद. कुणी मुद्दाम डिवचलं की हात जोडत, "मनाई हुकूम आहे." मग आम्हाला तोच खेळ मिळाला. पोरंसोरंही जाता-येता विचारत, नाना, गाय कशी आहे?

दिवाळीच्या सुमारास दूध केंद्रावर त्यांची सून भेटली. म्हणाली, "काका, बाबा आता घरातही बोलत नाहीत. घर हद्दीतच येतं, म्हणतात." मी हसलो. ती हसली नाही. "आम्ही शेवटपर्यंत ऐकलंय ते. कोर्टाच्या मागे विहीर होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्नाआधी तिथे पाणी भरायला यायच्या. निकाल झाल्यावर गायीला खिडकीतून ओढून बाहेर काढणारी मुलगी म्हणजे आई. तिथे गोष्ट संपते. रोज तिथपर्यंत जायचं असायचं त्यांना."

एका वाक्यात मिटलं असतं. हुकूम मागे घेतला, नाना, सांगा. पण खोटा निकाल खरा समजून मागे घ्यायला जायचं, लोक काय म्हणतील, असं आधी वाटलं. मग इतके दिवस गेले की तोंड दाखवायचीच लाज वाटू लागली. नाना जिन्यात दिसले की मी वरच थांबायचो.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाची नागपूरला बदली झाली. खाली टेम्पोत सामान चढत होतं. मी घरातच होतो. बाहेर जिन्यात चपला वाजल्या, थांबल्या.

"सदाशिव गोविंद करंदीकर, हाजीर होऽऽ!"

बायको दाराकडे निघाली. मी तिचा हात धरला. दुसरा पुकारा झाला. आवाज पूर्वीसारखा लांबत नव्हता, मध्येच धाप लागत होती. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. एवढी सवलत त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. मग हळूहळू पावलं उतरत गेली.

बायको खाली निरोप द्यायला गेली, ती टेम्पो गेल्यावर वर आली. सुनेनं तिला सांगितलं होतं, बाबा करंदीकरांना फाटकाबाहेर न्यायला आले होते. रस्त्यावर हद्द संपते, तिथे उभं राहून सांगायला हरकत नाही, म्हणत होते.

मी दाराआड उभा होतो, नाना. हजर होतो.