गंजाशी वैर धरलेले माने मास्तर

माने मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या कडीला तेल लावायचे आणि मग कडी वाजवायचे. तेलाची कुपी कायम सदऱ्यात. त्यामुळं त्यांच्या झाडून सगळ्या सदऱ्यांचे खिसे पिवळे पडले होते.

नव्वदच्या सुमाराला आम्ही कोल्हापुरात त्यांच्या शेजारी राहायला आलो. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, एकुलती एक लेक सुनंदा चंदगडला दिलेली. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नव्हतं. माझा तवा ओला राहून तांबडा झाला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वैनी, ह्यो कंचा बदल?"

मी पदर तोंडाला लावून हसायचे.

"रासायनिक! बर्फाचं पाणी हुतंय, पाण्याचा परत बर्फ हुतोय. पर लोखंडाला हवा-पाणी लागलं की गंज हुतोय. त्यो निराळाच पदार्थ. घासून काढा, तेवढं लोखंड गेलं ते गेलंच की!"

लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी लोखंडी खुर्च्या उलट्या करून बघायचे. एकदा नवरीच्या मामालाच उठवलं होतं त्यांनी.

सुनंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढाच ध्यास मास्तरांनी घेतला. पण घरात बाईमाणूस नाही म्हणून तिची सासू तयार नव्हती. एका पावसाळी सकाळी ही विहीण घर बघायलाच आली. मला मास्तरांनी चहा करायला बोलावलं होतं. विहीणबाई उंबऱ्यात येतात न येतात तोच मास्तरांनी त्यांची छत्री काढून घेतली आणि पंच्यानं एकेक काडी पुसायला लागले.

"पावण्यास्नी पाणी न्हाय, आन् छत्रीला पंचा व्हय?" विहीणबाई म्हणाल्या.

"अहो, आत्ता पुसली न्हाय तर रासायनिक..."

"मास्तर, माझ्या सुनंचं बोला. कळा सुरू झाल्यावर काय करणार? तेल लावणार?"

मास्तरांच्या हातातला पंचा थांबला. त्यांचा चेहरा बघून मला कुठनं धीर आला कोण जाणे. हातात कपबशी तशीच धरून मी म्हणाले, "मी हाय की. भिंतीला भिंत हाय आमची."

विहीणबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथं जुन्या धोतरात गुंडाळलेला लोखंडी पाळणा होता. त्यांनी दांडीवरनं हात फिरवला, तळवा बघितला. स्वच्छ.

"नवा आणलासा?"

"न्हाय, सुनंदाचाच. ती चालाय लागली तवापास्नं दर दिवाळीला रंग देतोय. हवा-पाणी लागूच दिलं न्हाय."

विहीणबाईंनी धोतर परत पाळण्याला नीट गुंडाळलं. मग म्हणाल्या, "सातव्यात आणून सोडतो पोरीला."

त्या गेल्यावर मी कप विसळत होते. मास्तर मोरीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आता साबणावर धडा असणार, असं मला वाटलं. पण ते खाली बघत हळूच म्हणाले, "वैनी, डिंकाचं लाडू कसं करत्यात हो? जरा सावकाश सांगा."

मी सांगत गेले. मास्तर एकदाही मध्ये बोलले नाहीत.