हिमकंचुकाची हकीकत

श्रीवाग्देवी साह्य असो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, ते समयी उत्तरेकडील गव्हाच्या मुलुखात ओस्तापपंत कोशकार म्हणून बहुत विद्वान आणि त्याहून बहुत तापट गृहस्थ होते. त्यांनी तीस वर्षे खपून वस्त्रे-पादत्राणांच्या चारशे शुद्ध नावांचा कोश रचिला, आणि विद्यापीठात पाऊल ठेवावे तो पोरे हुडी म्हणत, लेगिंग म्हणत, स्नीकर म्हणत, आणि पंतांच्या अंगाची लाही होई. मग पंत जातीने वर्गोवर्गी फिरले, स्नीकरास मृदुतल पादत्राण म्हणा ऐसे परोपरीने विनविले, आणि पोरे बरे म्हणत आणि पाठ फिरताच पुन्हा तेच. मग पंतांनी दरबारी अर्ज केला. दरबारचे उत्तर आले की, पोरांच्या तोंडी शब्द रुळले तर कोश छापू, महिन्याने कारकून पाहणीस येतील, न रुळले तर ग्रंथ आपणापाशीच ठेवावा.

त्या विद्यापीठाचा रिवाज ऐसा की, आल्या माणसाने अंगावरचे जाड वस्त्र दाराशी कोठीत द्यावे, बिल्ला घ्यावा, आणि जाताना बिल्ला देऊन वस्त्र न्यावे. कोठीवर होर्पिनाबाई, वीस वर्षांची चाकरी, हुकुमाची पक्की. पंतांनी खटपट करून हुकूम काढविला की, बिल्ला असला तरी शुद्ध नाव घेतल्यावाचून वस्त्र देऊ नये. मग काय पुसता, पोरे कुडकुडत उभी राहिली, कित्येक तैसीच बर्फात पळाली, आणि निम्मा वर्ग शिंकू लागला. सोलोमिया नामे एक विद्यार्थिनी तीन दिवस वस्त्रावाचून घरी गेली, आणि चौथे दिवशी तिने अवघा कोश मुखोद्गत केला. महिनाभरात एवढी एकच.

मुदत भरली, कारकून आले. पंतांनी त्यांस कोठीपाशी नेले, आधी आपलेच वस्त्र मागून दाखवावे म्हणून बिल्ला पुढे केला, आणि शब्द आठवेना. चारशांतला तोच नेमका निसटला. पंतांनी कपाळ चोळिले, दाढी ओढिली, ते पिसांचे, ते फुगीर, ऐसे हातवारे केले. होर्पिनाबाई बोलिली, "पंत, तिसऱ्या खुंटीवर आहे, मला दिसतंय. पण नाव घ्या." पंत संतापून म्हणाले की हुकूम माझाच आहे. बाई म्हणाली, "म्हणूनच."

कारकून खाली मान घालून लिहू लागले. दार उघडे, वारा बोचरा, आणि पंतांस लाजेने घाम फुटला. तेव्हा मागून सोलोमिया बोलिली, "पिच्छगर्भ हिमकंचुक. द्या त्यांना, बाई, गारठतील ते."

पंतांनी वस्त्र अंगावर घेतले, आणि त्यांस मुलीकडे पाहवेना. मग हळूच पुसिले, "तू घरी याला काय म्हणतेस?"

"जॅकेट."

पंतांनी तेथेच हुकूम रद्द करविला, आणि काखेतला कोश काढून होर्पिनाबाईच्या हाती दिला. बाईने रिवाजाप्रमाणे तो खुंटीस लाविला आणि बिल्ला दिला.

सारांश, कोश छापिला गेला नाही, पोरे सुधारली नाहीत, पंत तो न्यावयास फिरकले नाहीत. बिल्ला मात्र अद्याप त्यांच्या जॅकेटाच्या खिशात आहे. इतकीच हकीकत.