उलट्या नंबरांचे खोतकाका

आमच्या खोतकाकांना फोन नंबर विचारणं म्हणजे दुपार फुकट घालवणं. ते नंबर शेवटाकडून सांगतात आणि प्रत्येक आकड्यानंतर 'टिंब' म्हणतात. गॅसवाला असो, कुरिअरवाला असो, दवाखान्यातली मुलगी असो, सगळ्यांना सारखाच न्याय. "सात टिंब तीन टिंब..." एवढं ऐकूनच निम्मे लोक "राहू द्या, नंतर येतो" म्हणून सटकतात.

"उलटं मी नाही, तुम्ही बोलता," काकांचं ठरलेलं उत्तर. "पत्ता कसा लिहिता? आधी नाव, मग खोली, मग चाळ, मग ठाकूरद्वार, शेवटी मुंबई. लहानाकडून मोठ्याकडे. इंटरनेटवरचे पत्तेही तसेच. नंबरात मात्र आधी देश, मग शहर, घर शेवटी. मग नंबरानेच काय घोडं मारलंय?"

दिनकर खोत, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिली खोली. एका खासगी कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. देव्हाऱ्याखालच्या कपाटात त्यांच्या आईच्या समया असायच्या, तिथे एक छोटा कॉम्प्युटर चोवीस तास घरघरत बसलेला. त्यात चाळीतल्या प्रत्येकाचा नंबर उलटा, मध्ये टिंबं देऊन, एखाद्या वेबसाइटच्या नावासारखा घातलेला, आणि त्यापुढे तो माणूस कुठे कुठे सापडेल ते क्रमाने. आधी मोबाइल, नाही उचलला तर व्हिडिओ कॉल, मग दुकान, मग शेजारी, काहीच नाही तर ईमेल. फोन करणाऱ्याने काकांचा एकच नंबर फिरवायचा, नाव सांगायचं, माणूस हुडकायचं काम कॉम्प्युटरचं. जगात याला ईनम म्हणतात म्हणे. आमच्या चाळीत याला 'काकांचं खूळ' म्हणत.

ही माहिती गोळा करत ते घरोघर हिंडले. तळमजल्यावरच्या सावंतांनी हळूच विचारलं, "काका, मुलाचा फोन आला तर मी घरी, आणि सासूचा आला तर मी कुठेच नाही, असं जमेल का?"

"सावंत, हे डीएनएस आहे, इंटरनेटची पत्त्यांची वही," काका गंभीरपणे म्हणाले. "संसाराची भानगड त्यात बसत नाही."

एकदा चाळीच्या सत्यनारायणाची पत्रिका छापायचं काम चुकून त्यांच्याकडे गेलं. संपर्कासाठी नंबर छापला तोही उलटा, टिंबांसकट. पाहुण्यांना वाटलं वेबसाइट आहे. भटजी बिचारे मोबाइलवर ती उघडत बसले आणि पूजा सुरू व्हायला तासभर उशीर झाला. काका मात्र खूश. "बघा, लोकांना आपोआप कळायला लागलंय!"

या खुळाचं मूळ जुनं आहे. एके काळी अख्ख्या चाळीत फोन फक्त खोतांकडे होता. चाळीतल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर खोतांचाच नंबर असायचा, पुढे 'पी.पी.' लिहिलेलं. म्हणजे फोन शेजारचा, बोलावून देतील. काकांचं अर्धं आयुष्य गॅलरीतून हाका मारण्यात गेलं. लोकांचे जन्म, नोकऱ्या, जमलेली लग्नं, सगळं त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं.

मग चाळ पाडायची ठरली. नवी इमारत उभी राहीपर्यंत कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, आम्ही ठाण्याला. लोकांना भाड्याच्या जागेची काळजी, काकांना एकच घोर: चाळीचा नंबर बंद पडला तर आपली माणसं आपल्याला शोधणार कुठे?

"काका, आता पोराटोरांकडेही मोबाइल आहेत," शेवटच्या मीटिंगमध्ये सावंत म्हणाले.

"आहेत ना. तुमचा नंबर कुणाला पाठ आहे?"

मला तर नवऱ्याचाही पाठ नव्हता. चाळीचा मात्र झोपेतून उठवून विचारला तरी सांगितला असता. सरळच.

विरारला त्यांना दोन खोल्या मिळत होत्या. त्या सोडून ते लालबागला एका कोंदट खोलीत गेले, कारण तिथे तोच नंबर नेता येत होता. आम्ही कपाळावर हात मारला. एकटा माणूस, उजेड नाही, वारा नाही, कशासाठी? तर एका टेलिफोनसाठी.

दिवाळीनंतर मालनमावशीचा पनवेलहून फोन आला. मावशी आमच्याच मजल्यावरच्या. आवाजात नुसता आनंद. "अगो, माझ्या भावाचो फोन इलो! त्येच्या चेडवाचा, माझ्या भाचीचा लगीन ठरला. त्येका चाळीचो एकच नंबर पाठ. माझो मोबाइल बंद, लेक कामार. तरी त्या खोताच्या मशीननं शेजारणीकडे माका गाठलान!"

मला मनापासून बरं वाटलं. काकांना शाबासकी द्यावी म्हणून रविवारी दुपारी चाळीचा नंबर फिरवला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"खोत बोलतोय. कुणाला जोडून देऊ?"

"काका, मी सुनंदा."

"हं, सुनंदा. कोण हवंय? सावंत या वेळी झोपलेले असतात, मुलाकडे लावतो."

"कुणी नको. तुमच्याशीच बोलायचंय."

"माझ्याशी?" ते गोंधळले. "काय झालं? काही अडलंय का?"

"काही नाही अडलं. सहज केला. जेवलात का?"

इतकी वर्षं त्या नंबरावर फोन केले, कधी आईला निरोप द्यायला, कधी नवऱ्याला बोलवायला. खोतकाकांसाठी म्हणून एकदाही केला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांब हं," काका म्हणाले. "जरा बसून बोलतो."