त्रुटी शून्य

जगदेवीबाईंच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. भूकंपाआधी मी त्यांच्या गावात शिक्षक होतो. माझा डबा त्यांच्याकडून यायचा. आता त्या नांदेडला लेकीकडे असतात. पत्र एवढंच: ‘गुरुजी, जुन्या गावात नुसत्या बाभळी हायत. आमचा उंबरा सापडंना. मालक तिथंच गेले. तिथं कडुलिंब लावायचाय. पोरांनी काढलेला गावाचा नकाशा तुमच्याकडं हाय ना?’

नकाशा होता. पण मी चुकीची जागा सांगितली तर? म्हणून गप्प बसलो.

यंदा मात्र ठरवलं, जागा सांगायची आणि तीही इंचात! ऑनलाइन नकाशावर गावाचं नाव टाकलं. त्याने पुनर्वसनाचं गाव दाखवलं. जुनं त्याच्या गावीही नव्हतं. मग संगणकावर नकाशांचं मोठं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात कागदी नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवता येतो. दोन्हीकडच्या सारख्या खुणा तेवढ्या जुळवायच्या. मी मारुतीचं देऊळ, शाळा आणि चावडी जुळवली. नकाशा ओल्या पापडासारखा जरा ताणला गेला, पण बसला. खाली आकडा आला: त्रुटी शून्य!

आमच्या वरच्या मजल्यावर उज्वलाताई भाड्याने राहतात, क्लासमध्ये भूगोल शिकवतात. त्या म्हणाल्या, "सर, तीनच खुणा दिल्या की शून्यच येतं. चौथी देऊन बघा."

मी हसलो. लातुरात पैकीच्या पैकी मिळाल्यावर फेरतपासणी कोण मागतं!

जागा मोबाइलमध्ये घेऊन निघालो. ती निघाली अण्णाराव नावाच्या गृहस्थांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीखाली.

"इथे जगदेवीबाईंचा उंबरा आहे," मी चाचरत म्हणालो. "लिंब लावायचाय."

"हितं?" अण्णारावांच्या पत्नी सिंधुबाई म्हणाल्या. "भाजी तर उतरू द्या!"

"गुरुजी, हे गाव भूकंपानंतर वसलंय," अण्णाराव म्हणाले.

"पण मारुती, शाळा, चावडी..."

"मग? नव्या गावाला मारुती नको व्हय?"

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. "जुन्या गावातला हा आड हाय की अजून! रोज शेळ्या पाजतो तिथं. आडापासून उगवतीला तिसरं घर. चला."

चौथी खूण म्हणजे हाच आड. नव्या गावात नळ आहेत.

बाभळींत, तिसऱ्या ढिगाऱ्याशी, उंबऱ्याचा दगड सापडला. वीस मिनिटं लागली.

त्याच दुपारी लिहिलं: ‘आडापासून उगवतीला तिसरं घर. अण्णाराव दाखवतील. लिंब घेऊन या.’ मग पोस्टासमोर बांगड्या विकणाऱ्या रईसाबींना विचारलं, "ही टपालपेटीच ना?"

"हाव चाचा. लाल हाय, कुलूप हाय, वर लिवलंय बी."

तीन खुणा झाल्या. मी तसाच उभा राहिलो.

"आता काय?"

"हिच्यात कुणी पत्र टाकताना पाहिलंय का तुम्ही?"

"तुमी टाका चाचा, मी बघते."

टाकलं.