ताशी तीन मैलांची नवरी

"अवो, निघूया ना आता!" क्लेमेंटीनबाई तिसऱ्यांदा ओरडल्या. "उद्या राखेचा बुधवार. आज लग्न हुकलं तर उपासाचा काळ लागला, मग पोरगी ईस्टरपर्यंत घरात!"

फर्डिनंड मास्तर शांतपणे टायची गाठ मारत होते. पन्नास सालच्या सुमारास अख्ख्या वसईत गणित शिकवावं ते त्यांनीच. घाई करणं त्यांना अडाणीपणा वाटे. "चर्च दीड मैल. बैलगाडी ताशी तीन मैल. म्हणजे अर्धा तास. साडेअकराला निघायचं." फादरांनी बजावलं होतं, बाराची घंटा झाली की दार बंद.

साडेअकराला त्यांची लेक रिटा नवरी होऊन गाडीत बसली, गाडीवान सॅन्टननं बैल हाकले आणि पहिल्याच वळणावरच्या क्रूसापाशी गाडी थांबली.

"थांबलास का रे?"

"मी नाय, मास्तर, बैल थांबले. मी रोज हितं उतरून 'आमच्या बापा' म्हनतो ना, त्यांना सवय लागलीय."

"आमेन!" मास्तर घाईनं ओरडले. बैलांनी कानही हलवला नाही. अख्खी प्रार्थना झाली तेव्हाच ते चालू लागले. आणि आपल्याकडे क्रूस काय कमी आहेत हो? वळणागणिक एक!

शेवटच्या क्रूसापाशी रिटाला रडू फुटलं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "सॅन्टन, आता एकाच वेगानं भागायचं नाही. वेग सारखा वाढवत न्यायचा!"

"म्हंजे काय करू?"

"शेपट्या पिळ!"

सॅन्टननं पिळल्या. वेग खरंच वाढला. रिटाच्या डोक्यावरची जाळी उडून केळीत अडकली, क्लेमेंटीनबाई एकेका संताला नावानं हाका मारू लागल्या. चर्च आलं आणि गेलं. थांबायचं कसं, हे मास्तरांनी हिशेबात धरलंच नव्हतं. गाडी वांग्याच्या वाफ्यात रुतली तेव्हा थांबली. तिथून सगळे पळत, धापा टाकत चर्चच्या दारात पोचले. घंटा अजून व्हायची होती.

"बघितलंत गणित?" मास्तरांनी छाती फुगवली.

"बघितलं," फादर म्हणाले. "पण नवरा कुठाय?"

घंटा झाली. फादर दार लावायला वळले. मास्तरांनी त्यांचा झगाच धरला. "फादर, पाया पडतो, जरा थांबा!"

तेवढ्यात नवरा व्हिन्सेंट पळत आला. बूट हातात, सूट घामानं चिंब.

"गाढवा, वेळेचं काही भान?" मास्तर कडाडले.

"सर, आमचं घरही दीड मैल, वाटेत क्रूसही तेवढेच. ताशी तीन मैल, अर्धा तास. तुम्हीच शिकवलंत ना सहावीत?"

फादरांनी कपाळाला हात लावला. "या आत. गुरूच्या पापाची शिक्षा शिष्याला नको. पण मास्तर, नातवंडांना गणित तुम्ही शिकवायचं नाही. घ्या शपथ."

मास्तरांनी शपथ घेतली. मग लग्नभर ते ढसाढसा रडत होते. लोकांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून.