तेआरिकीची वेणी

नोएलीनने कात्री मिटली आणि वेणी जमिनीवर पडली. हातभर लांब, मनगटाएवढी जाड.

"झालं! कसं हलकं वाटतंय ना, पोरी?"

"पोरी काय? मी मुलगा आहे," खुर्चीतलं नऊ वर्षांचं ध्यान उघडी मान चोळत म्हणालं. "बेष्ट! आता रग्बीत कुणी वेणी धरून पाडणार नाही मला."

नोएलीन हसली. तिला काय, मुलगा काय नि मुलगी काय, उवा सगळ्यांना सारख्याच. इप्सविचच्या सलूनमध्ये तीस वर्षं कात्री चालवून झाल्यावर ती पहिल्यांदाच चर्चच्या मिशनच्या सेवा-तुकडीबरोबर या दूरच्या बेटावर आली होती. विमानाला घाबरत, बोटीला घाबरत, माडाखालून जाताना डोक्यावर हात धरून. वादळाने शाळेचं छप्पर नेलेलं, एका पेन्सिलीचे तीन तुकडे करून तीन पोरं लिहायची. दातांचा डॉक्टर वर्षातून एकदाच यायचा, तोही याच तुकडीबरोबर. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, या आनंदात सकाळपासून तिने सतरा डोकी साफ केली होती. हे अठरावं.

इतक्यात चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या अकाइतीबाई केळ्यांचं ताट घेऊन आत आल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि ताट हातातून सुटलं.

"हे कुणी केलं?"

"मी," नोएलीन म्हणाली. "का हो?"

"अगं बाई! हा तेआरिकी, तेपाएरूआजीचा नातू! जन्मल्यापासून त्याच्या केसांना कात्री लागलेली नाही!" अकाइतीबाई मटकन खाली बसल्या. "आमच्याकडे मुलाचे केस समारंभ करून कापतात. खुर्चीवर फुलाफुलांची गोधडी घालायची, बटांना रिबिनी बांधायच्या, मग सगळ्या नातलगांनी एकेक बट कापायची. जो पहिली बट कापतो, तो त्या पोराचा जन्मभराचा माणूस. अख्खं बेट जेवतं त्या दिवशी!"

"मग नऊ वर्षं का थांबलात?"

"ती मोठी कथा आहे. आत्ता विचारायची वेळ आहे का ही?"

नोएलीनच्या तोंडचं पाणी पळालं. तेपाएरूआजी म्हणजे बेटाच्या पंचांतली ज्येष्ठ बाई. तिने एकदा नको म्हटलं, की तुकडीची बोट पुन्हा धक्क्याला लागायची नाही. मग त्या पोरांचे दात? छप्पर? सगळं आपल्या एका कात्रीपायी जाणार, या विचाराने तिला खरोखरच रडू फुटलं.

तुकडीचे प्रमुख क्लाइव्ह एरवी बोलायला उभे राहिले की बसायचं नाव घेत नसत. आज त्यांनी वेणी पाहिली आणि अंगणाचं दार लावून घेतलं.

"परवा सोमवारी आपली परतीची बोट आहे. परवापर्यंत निभावायचं," ते कुजबुजले. "वेणी त्याच्या टोपीला शिवून टाक."

दाताच्या डॉक्टरकडच्या दोऱ्याने नोएलीनने वेणी टोपीला आतून शिवली. बोटाला तीनदा सुई टोचली.

"टोपी काढायची नाही. उवांचं औषध आहे म्हणून सांग," क्लाइव्हनी तेआरिकीला बजावलं.

"सांगतो. पण बिस्किटांचे दोन पुडे लागतील."

"एक."

"मग मी अर्धंच सांगेन."

दोन पुड्यांवर सौदा पटला आणि तेआरिकी वेणी उडवत घरी गेला. तासाभरात तेपाएरूआजी हजर.

"दोन दिवस टोपी काढायची नाही, असलं कसलं औषध? पोराला झालंय तरी काय?"

नोएलीन तोंड उघडणार, तोच क्लाइव्ह घाईने म्हणाले, "तसं थोडं गंभीरच आहे, आजी. पण काळजी करू नका."

काळजी करू नका म्हटल्यावर जे होतं तेच झालं. गंभीर हा शब्द विहिरीवर गेला, तिथून धक्क्यावर गेला, आणि दुपारी चारला सगळं बेट आजीच्या अंगणात जमलं. कुणी अळूची पानं नारळात शिजवून आणली, कुणी मासे. तेआरिकी गोधडीवर पडून बिस्किटं खात होता आणि मधूनमधून आठवण झाली की कण्हत होता. अंगणाच्या एका टोकाला तेपाएरूआजी, दुसऱ्या टोकाला आईकडची वाइनेआजी. दोघी एकमेकींकडे पाठ करून रडत होत्या.

"मी सांगून टाकते," नोएलीन म्हणाली.

"प्रार्थना होऊ दे," क्लाइव्हनी तिचा दंड धरला. "प्रार्थनेने बिघडत काहीच नाही."

बिघडलं तिथेच. बेटावरच्या चर्चचे पाळक तेरेमोआना आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, आणि त्यांची प्रार्थना रंगली की हात आभाळाकडे जात असत. नोएलीन डोळे उघडे ठेवून तो हात बघत होती. हात टोपीवर टेकला. बोटं टोपीत रुतली. "प्रभू, या लेकराला उचलून धर!" पाळक गरजले आणि त्यांचा हात वर गेला. हातात टोपी होती. टोपीखाली वेणी लोंबत होती.

पाळकांनी डोळे उघडले.

"मी कापली," नोएलीन पुढे आली. "मला माहीत नव्हतं. पण खोटं मात्र आम्ही ठरवून बोललो. मला काय हवी ती शिक्षा करा, पण बोट बंद करू नका."

तेपाएरूआजी उठली. "पहिली कात्री तूच लावलीस?"

"हो."

"वाइनेच्या घरातलं कुणी नव्हतं?"

"नाही."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "आणि तिच्या घरातलं?"

"नाही हो! मी एकटीच होते!"

दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. तेपाएरूआजीचे खांदे हलायला लागले. आता ही रडणार, म्हणून नोएलीनने डोळे मिटले. उघडले तेव्हा दोघी पोट धरून हसत होत्या.

"पोरगा पाच वर्षांचा झाला तेव्हाच समारंभ व्हायचा होता. पहिली बट बापाकडच्यांनी कापायची का आईकडच्यांनी, म्हणून दोघी चार वर्षं बोलत नव्हत्या," अकाइतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "समारंभ त्याच्यावरच अडला होता."

समारंभ तिथेच झाला. जेवण तयार होतंच. खुर्चीवर गोधडी घातली, टोपीवरून वेणी उसवली, तिच्या बटा सोडवून रिबिनी बांधल्या आणि ज्याने त्याने आपापली बट कापून नेली. नोएलीनला दोन्ही आज्यांनी मधोमध बसवून घेतलं.

"आजपासून ही माझी लेक," तेपाएरूआजी म्हणाली.

"तुझी कशी? माझी!" वाइनेआजी म्हणाली.

नोएलीनने घाईघाईने अळूचा मोठा घास तोंडात कोंबला.

सोमवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी धक्क्यावर पोचली. बोट अजून लांब ठिपक्याएवढी होती. मागून पावलं वाजली म्हणून तिने वळून पाहिलं. तीन बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हाताशी एकेक पोरगा, प्रत्येकाच्या पाठीवर वेणी.

"बाई," पहिली हळूच म्हणाली, "आमच्याही घरी दोन आज्या आहेत."