बर्फपाऱ्याच्या डबीर मॅडम

डबीर मॅडम अनोळखी माणसाला फोन लावतात आणि स्वतःचं नाव सांगायच्या आधी विचारतात, "जेवला का? आणि तुझा गाईड ओरडते का तुझ्यावर?"

समोरचा पोरगा देहरादूनचा असो की कोचीचा, घाबरून खरं सांगून टाकतो. पाच मिनिटांत त्याची मेस, त्याची खोली, त्याचा अडलेला प्रबंध, सगळं मॅडमला ठाऊक होतं. मग त्या म्हणतात, "हव. मी पाहते." आणि फोन ठेवतात. आपण कोण, हे सांगायचं राहूनच जातं.

ही सगळी पोरंपोरी बर्फाचा अभ्यास करणारी. अंटार्क्टिकाचा, उत्तर ध्रुवाचा. आणि मॅडम राहतात रायपूरच्या बूढापाऱ्यात, जिथं मे महिन्यात नळाला आपोआप गरम पाणी येतं. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाल्या. स्वतः लग्न केलं नाही, पण रायपूरच्या मराठी घरांतली कितीतरी लग्नं जमवली. बर्फ पाहिला तो सदर बाजारातल्या गोळेवाल्याच्या पेटीतला.

लोक यावर हसतात. मला हसू येत नाही.

माझे बाबा पंडरीच्या कपडा मार्केटात गठ्ठे वाहायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही मान वर करून सांगते. एम.एस्सी. झाल्यावर मी अंटार्क्टिकाच्या समुद्रावर गोठणाऱ्या बर्फावर पीएचडी करायला घेतली, उपग्रहाच्या चित्रांवरून. शेजारच्या भैयांनी विचारलं, "बर्फ की फैक्ट्री में लगेगी क्या?" त्यांचं मी मनावर घेतलं नाही. पण एका परिषदेत एका मोठ्या साहेबांनी चहाचा कप हातात धरून विचारलं, "रायपुर? रायपुर में बर्फ कहाँ?" मी म्हटलं, "आपके यहाँ कौन सी गली में गिरती है, सर?" ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

त्या टेबलाशी सगळे एकमेकांना ओळखत होते. कोणाचा गाईड कोणाच्या गाईडचा विद्यार्थी, कोणाचे वडील कोणाच्या वडिलांचे मित्र. हुशारी सगळ्यांकडे असते हो. पण कोणाला फोन करायचा, हे ज्याच्या घरात कोणी शिकलेलं नाही त्याला कोण सांगणार? आणि वरून हेच लोक व्याख्यानात म्हणतात, मेहनतीला पर्याय नाही.

माझं काम अडलं होतं एका साध्या गोष्टीवर. उपग्रहातून बर्फ कुठवर पसरला ते दिसतं, पण तो किती जाड आहे हे पडताळायला कोणीतरी तिथं जाऊन, भोक पाडून मोजलेलं लागतं. तसं मोजणारं माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मी माझ्या शाळेतल्या डबीर मॅडमकडे गेले आणि रडले. त्यांनी पोह्यांची बशी पुढं सरकवली.

"म्हणजे तुझ्याकडे चित्रं आहेत, माप नाही. अन् कोण्या पोट्ट्याकडे माप असन, पण चित्रं नसन."

"असेल कदाचित."

"मग यात रडून काय राहिली? हे तर स्थळ आहे."

संशोधनातलं त्यांना तेव्हा काही कळत नव्हतं. स्थळ कळत होतं. पेपरात एका मोहिमेची बातमी वाचून, चार ऑफिसांत फोन फिरवून त्यांनी जहाजावरून परतलेला एक निखिल शोधला. मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी गोव्याला. माझ्यासमोर त्याला फोन लावला. "नमस्कार. तुमच्यासाठी एक चांगलं स्थळ आहे. मुलगी रायपूरची आहे, तोंडानं तिखट आहे, पण कामाले चोख."

निखिलनं घाईघाईनं फोन आईकडे दिला.

आई म्हणाल्या, "मुलीची पत्रिका आहे का?"

आता आमच्या रायपुरात हिंदीचा वास सगळ्याला लागलेला. इथं पत्रिका म्हणजे मासिक, फार तर शोधपत्रिका. आणि माझा एक लेख नुकताच अशा पत्रिकेत आला होता, ते मॅडमना मीच सांगितलेलं.

"आहे न. एका पत्रिकेत आलं, दुसरीतून परत आलं. दुरुस्ती सांगितली आहे."

"परत आलं? मंगळ आहे का?"

"नाही हो, मंगळाचं तिचं काहीच नाही. पृथ्वीवरचंच आहे. खाली, दक्षिणेकडे."

मी फोन हिसकायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. माऊली पलीकडून विचारत होत्या की मुलीला स्वयंपाक येतो का, आणि मॅडम सांगत होत्या की पोट्टी रात्रंदिवस कॉम्प्युटरवर असते, गॅसकडं पाहतही नाही. पंधरा मिनिटांनी निखिलनं फोन परत घेतला आणि हळूच विचारलं, "म्हणजे तुम्हाला बर्फाच्या जाडीची मापं हवी आहेत?"

त्याचं लग्न पुढं दुसरीकडे झालं. लेख मात्र आम्ही दोघांनी मिळून लिहिला.

तेव्हापासून मॅडमना नादच लागला. बिलासपूरची एक पोरगी बर्फात अडकलेली धूळ तपासायची, तिला त्यांनी चेन्नईच्या वाऱ्यांवाल्याशी जोडलं. बर्फाखालच्या शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या एका लाजऱ्या मुलाला त्या रोज फोन करायच्या, कारण त्याला रोज कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि नाव ठेवलं 'बर्फपारा'. पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला; बूढापारा असतो तर बर्फपारा काहून नाही, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी संध्याकाळी सगळे व्हिडिओवर जमायचे. नवीन आलेल्याला मॅडम आधी बोलायला लावायच्या. कोणी इंग्रजीत अडखळलं तर म्हणायच्या, "अरे हिंदी में बोल ना, पेंग्विन को कौन सी अंग्रेज़ी आती है." पोरं हसायची आणि मग मनातलं बोलायची. कोणाची शिष्यवृत्ती कुठं निघते, कोणता गाईड विद्यार्थ्याचं नाव मागं ढकलतो, हे सगळं तिथं कळायचं. मला परिषदेच्या त्या टेबलाशी जे कोणी सांगितलं नाही, ते सगळं.

हा ग्रुप वाढला, तशी मोठ्या लोकांची नजर गेली. एका संस्थेनं तो आपल्या छत्राखाली घेतला. बोधचिन्ह आलं, कार्यकारिणी आली, 'बर्फपारा' जाऊन चार शब्दांचं इंग्रजी नाव आलं. आणि नियम आला, की हा मंच फक्त नवोदित संशोधकांसाठी आहे: पीएचडी करत असलेले, किंवा करून पाच वर्षं न झालेले. गेल्या आठवड्यात कोणीतरी सभासदांची छाननी केली. मॅडम बसत नव्हत्या. 'आपके योगदान के लिए धन्यवाद', एवढा मेसेज टाकून त्यांना काढून टाकलं.

ज्यानं काढलं, तो तोच शेवाळवाला लाजरा मुलगा. आता सचिव आहे. मी त्याला फोन केला आणि जे बोलले ते इथं छापता येणार नाही. तो म्हणाला, "दीदी, मैं क्या करूँ, नियम है." घर बांधणाऱ्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढायचं आणि वर नियम दाखवायचा. शिकलेल्या लोकांची ही रीत मला अजून शिकता आली नाही.

मी तशीच गाडी काढून बूढापाऱ्यात गेले. रविवार होता. मॅडम इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून टेबलाशी बसल्या होत्या. फोन डब्याला टेकवून उभा केलेला, पडदा काळा. कूलरची घरघर चालू होती.

"मॅडम, मी पण बाहेर पडते. सगळ्यांना बाहेर पडायला लावते."

"काहून? तू बाहेर पडली, तर नव्या पोट्ट्याले आत कोण विचारन, जेवला का म्हणून?"

"पण त्यांनी तुम्हाला..."

"नियमात वय लिहिलं आहे का?"

मी आठवून पाहिलं. "वय नाही."

"मग झालं तर. पीएचडी करणारा चालते ना?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "एम.ए. नंतर करायची होती. आईनं अंथरूण धरलं, राहून गेलं. आता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आहे म्हणतात. तू मले शिकवशील का?"

मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली होती, आणि शाळेत आम्ही बसायचो तशा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

मी म्हटलं, "उद्यापासून."

"आजच सुरू कर न. आज संध्याकाळी तसंही मले काही नाही."

मी पंख्याखाली बसले आणि सॅटेलाइट कसा पाहतो तिथून सुरुवात केली. त्या मन लावून ऐकत होत्या. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बरोबर आलं. निघताना दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नापास झाले तर पोट्ट्यायले सांगू नको. त्यायले वाटन, त्यायच्याशिवाय मॅडमले करमत नाही."